इलेक्ट्रिक कुकरची केबल: ६ चौरस मिमी कुठे पुरते, कुठे नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. ओव्हन, ग्रिल आणि चार हॉटप्लेट एकत्र असलेला १०.६ किलोवॅटचा कुकर बसवायचा आहे. पुरवठा २३० व्होल्ट सिंगल फेज. वितरण बोर्डापासून कुकरपर्यंत वायरिंगची लांबी साधारण १८ मीटर, बोर्डात ३२ अँपिअरचा एमसीबी (जादा करंट वाहिला की आपोआप पडणारा स्विच). केबल ४ चौरस मिमीची घ्यावी, ६ ची की १० ची? तिन्ही सल्ले मिळालेत आणि देणारा प्रत्येक जण ठाम आहे.

बहुतेक घरांत उत्तर ६ चौरस मिमी, तांब्याची, असंच येतं. पण ते केबल कोणत्या वाटेनं जाते यावर अवलंबून आहे. कुकरवरचे किलोवॅट वाचून थेट जाडी सांगणारा माणूस अर्धंच गणित करतो. त्याच कुकरला एका घरात ४ चालेल आणि दुसऱ्या घरात ६ सुद्धा कमी पडेल.

आधी करंट. १०,६०० वॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे ४६ अँपिअर. मग ३२ चा एमसीबी कसा पुरेल, ही शंका लगेच येते. कुकरचे सगळे भाग एकाच वेळी, सतत, पूर्ण जोरात चालत नाहीत. ओव्हन ठरलेल्या तापमानाला पोचला की थर्मोस्टॅट त्याचा एलिमेंट बंद-चालू करत राहतो, हॉटप्लेटचंही तसंच. ब्रिटिश वायरिंगच्या प्रथेत यासाठी एक साधा हिशेब वापरतात: एकूण करंटमधले पहिले १० अँपिअर पूर्ण धरायचे, उरलेल्याचे ३० टक्के धरायचे, आणि कुकरच्या स्विचपट्टीवर जादा सॉकेट असेल तर वर ५ अँपिअर. इथे १० अधिक ३६ चे ३० टक्के म्हणजे २०.८, सॉकेट धरलं तर २५.८ अँपिअर. त्यामुळे ३२ चा एमसीबी योग्यच आहे. हा हिशेब घरगुती स्वयंपाकासाठी आहे. खानावळीत किंवा जिथे सगळ्या शेगड्या तासन्‌तास पेटलेल्या असतात तिथे तो लावू नका, पूर्ण ४६ अँपिअर धरा.

इंडक्शन हॉबबद्दल (ओट्यात बसवायच्या शेगड्यांच्या पट्ट्याबद्दल) मात्र मी ही सवलत जपून वापरतो. ७.२ किलोवॅटचा हॉब पूर्ण चालला तर ३१ अँपिअर ओढतो आणि बूस्ट दाबला की त्याच्या जवळ सहज पोचतो. बऱ्याच हॉबमध्ये एकूण वीज मर्यादित ठेवायची सेटिंग असते. जुनी केबल बदलणं खरंच अशक्य असेल तर ती सेटिंग वापरा आणि किती किलोवॅटवर लावली आहे ते बोर्डाच्या आत लिहून ठेवा, कारण पुढचा माणूस ती सेटिंग काढून टाकू शकतो.

आता मूळ नियम. वापराचा करंट एमसीबीच्या आकड्याहून जास्त नको, आणि एमसीबीचा आकडा त्या वाटेवर केबल जितका करंट पेलते त्याहून जास्त नको. एमसीबी केबलला वाचवण्यासाठी असतो. ३२ चा एमसीबी ३२ ला पडतो हा मोठा गैरसमज आहे. प्रमाणानुसार तो १.१३ पटीला, म्हणजे ३६ अँपिअरला, तासभर पडू नये आणि १.४५ पटीला, म्हणजे सुमारे ४६ अँपिअरला, तासाच्या आत पडावा. मधला सगळा ताण केबल सोसते. म्हणून एमसीबी वारंवार पडतो म्हणून ३२ काढून ४० चा टाकणं हा उपाय नव्हे. तसं करायचंच असेल तर केबल, स्विच आणि टर्मिनल तिन्ही ४० ला पुरतात का ते आधी पाहावं लागतं.

केबल किती पेलते याचे आकडे आंतरराष्ट्रीय तक्त्यांत आहेत. तांब्याच्या, साध्या ७० अंशाच्या पीव्हीसी केबलसाठी, सिंगल फेजवर, भोवतालचं तापमान ३० अंश सेल्सिअस धरून ते असे:

भिंतीवर क्लिपने उघडी बसवलेली किंवा थेट गिलाव्यात गाडलेली: ४ चौरस मिमीला ३६ अँपिअर, ६ ला ४६, १० ला ६३.
भिंतीतल्या किंवा भिंतीवरच्या पाइपात सुट्या वायर: ४ ला ३२, ६ ला ४१, १० ला ५७.
उष्णतारोधक भरलेल्या पोकळ भिंतीत पाइपातून सुट्या वायर: ४ ला २६, ६ ला ३४, १० ला ४६.

यातून ४ सांगणारा कुठे बरोबर ठरतो ते दिसतं. वायर भिंतीवर उघडी आहे, सोबत दुसरी कुठलीही लोडची वायर नाही, खोली थंड आहे, तर ३६ हे ३२ पेक्षा जास्तच. पण भोवतालचं तापमान ३५ झालं की या आकड्यांना ०.९४ ने गुणायचं, ४० ला ०.८७ ने, ४५ ला ०.७९ ने. ४ चौरस मिमीचे ३६ अँपिअर ४० अंशाला ३१ होतात आणि खेळ संपतो. एवढी काठावरची केबल कुकरला कशाला घालायची? वाचलेल्या पैशांपेक्षा ती पुन्हा ओढायची मजुरी जास्त.

खरी फसगत होते ती एका पाइपात अनेक सर्किट कोंबल्यावर. पाइपात लोड घेणारी दोन सर्किट असतील तर ०.८ ने गुणा, तीन असतील तर ०.७ ने, चार असतील तर ०.६५ ने. समजा कुकरच्या ६ चौरस मिमी वायर गीझरच्या वायरसोबत एकाच पाइपात आहेत: ४१ गुणिले ०.८ म्हणजे ३२.८. ३२ च्या एमसीबीला जेमतेम पुरतं. आता तोच पाइप छताच्या वर तापणाऱ्या पोकळीतून जातो आणि तिथे ४० अंश आहे: ३२.८ गुणिले ०.८७ म्हणजे २८.५. कमी पडलं. १० चौरस मिमी घेतली तर ५७ गुणिले ०.८ गुणिले ०.८७, म्हणजे ३९.७, निर्धास्त. किंवा ६ च ठेवा आणि कुकरला स्वतंत्र पाइप द्या: ४१ गुणिले ०.८७ म्हणजे ३५.७. मी बहुतेक वेळा दुसरा मार्ग घेतो. स्वतंत्र पाइप पुढे दुरुस्तीलाही सोपा पडतो.

उष्णतारोधकाबाबत तर तडजोडच नको. ग्लासवूल किंवा फोमच्या थरातून केबल अर्धा मीटर किंवा त्याहून जास्त लांबी पूर्ण वेढलेली गेली की क्षमता निम्मी धरायची. ६ चे ४६ अँपिअर २३ होतात. १० चे ६३ होतात ३१.५, म्हणजे ३२ लाही अर्ध्या अँपिअरने कमी! १६ चौरस मिमी घालावी तर ती स्विचच्या टर्मिनलमध्ये नीट वळतसुद्धा नाही. इथे जाडी वाढवण्यापेक्षा केबल त्या थराच्या बाहेर काढणं शहाणपणाचं. १८ मीटरांपैकी सतरा मीटर मोकळी आणि एक मीटर वेढलेली असली, तरी हिशेब त्या एका मीटरचाच होतो, कारण केबल तिथेच भाजते.

काही जण यावर ९० अंशाच्या एक्सएलपीई इन्सुलेशनची वायर सुचवतात. ती त्याच जाडीला जास्त करंट पेलते हे खरं: पाइपात ६ चौरस मिमीला ५४ अँपिअर. पण तो आकडा तांबं ९० अंशापर्यंत तापू दिलं तरचा आहे, आणि घरगुती स्विच, एमसीबी यांची टर्मिनलं सहसा ७० अंश धरून बनवलेली असतात. म्हणून अशी वायर मी गरम वाटेवर जास्तीची सुरक्षितता म्हणून वापरेन, जाडी कमी करायला नाही.

व्होल्टेज ड्रॉपचं, म्हणजे केबलमध्येच खर्ची पडणाऱ्या व्होल्टेजचं, फार मनावर घेऊ नका, घराच्या लांबीत तो क्वचितच निर्णायक ठरतो. ६ चौरस मिमीला दर अँपिअरला दर मीटरला ७.३ मिलिव्होल्ट पडतात. ३२ अँपिअर आणि १८ मीटरला ४.२ व्होल्ट, म्हणजे दोन टक्क्यांच्या आत. मर्यादा सहसा पाच टक्के, ११.५ व्होल्ट, धरतात. ती ओलांडायला पूर्ण ३२ अँपिअरवर ५० मीटरच्या आसपास केबल लागते. एवढं लांब अंतर असेल तर १० घ्या, तिच्यात ४.४ मिलिव्होल्टच पडतात. व्होल्टेज पाच टक्के घटलं की एलिमेंटची उष्णता जवळपास दहा टक्के घटते.

अर्थिंगकडे मात्र लक्ष द्या. सुट्या वायर ओढत असाल तर अर्थची वायरही ६ चीच ठेवा. तयार चपट्या केबलमध्ये अर्थची तार अनेकदा बारीक असते. ती वापरायला हरकत नाही, पण फॉल्टच्या वेळी पुरेसा करंट वाहिला पाहिजे. बी प्रकारचा ३२ चा एमसीबी झटक्यात पडायला १६० अँपिअर लागतात, म्हणजे पूर्ण लूपचा (फॉल्टचा करंट ज्या वाटेनं जाऊन अर्थमधून परत येतो तिचा) रोध १.४४ ओहमच्या आत हवा. सी प्रकाराला ३२० अँपिअर, म्हणजे ०.७२ ओहमच्या आत. कुकरला सी ची गरज नसते. एलिमेंटला मोटरसारखा सुरुवातीचा झटका नसतो, म्हणून बी पुरतो. सोबत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (अर्थकडे करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच) हवीच. हॉब इंडक्शनचा असेल तर ती टाइप ए ची घ्या, कारण त्याच्या इलेक्ट्रॉनिक्समधून येणारी गळती शुद्ध एसी नसते आणि टाइप एसी तिला ओळखेलच याची खात्री नाही.

इथपर्यंत बोर्ड ते स्विच झालं. स्विच म्हणजे डीपी, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, ३२ अँपिअरच्या सर्किटला ४५ चा. तो शेगडीच्या बाजूला असावा, वर नव्हे. कढईतल्या तेलानं पेट घेतला तर ज्वाळेवरून हात नेऊन स्विच बंद करावा लागू नये.

स्विचपासून कुकरपर्यंतचा शेवटचा दीड-दोन मीटरचा तुकडा वेगळा विचार मागतो, आणि बिघाड सगळ्यात जास्त तिथेच होतात. तक्त्यातले आकडे ३० अंशाचे आहेत, पण ओव्हनच्या पाठीमागची हवा कित्येक तास त्याहून खूप गरम असते. साधं पीव्हीसी तिथे आधी मऊ पडतं, मग वर्षभरात कडक होऊन चिरतं. म्हणून हा तुकडा कुकरच्या माहितीपत्रात सांगितलेल्या प्रकाराचाच घ्यावा. तिथे युरोपीय पद्धतीचे कोड दिलेले असतात, ते वाचायला सोपे आहेत: ०५ म्हणजे ३००/५०० व्होल्ट, ०७ म्हणजे ४५०/७५० व्होल्ट, व्ही म्हणजे साधं पीव्हीसी, व्ही२ म्हणजे ९० अंशाचं पीव्हीसी, आर म्हणजे रबर, एस म्हणजे सिलिकोन आणि शेवटचा एफ म्हणजे बारीक तारांची लवचिक केबल. एच०५व्ही२व्ही२-एफ लिहिलं असेल आणि तुमच्या हातात एच०५व्हीव्ही-एफ असेल, तर दिसायला जुळी भावंडं, पण उष्णतेला एक टिकते आणि दुसरी नाही. सिलिकोन आणखी तापमान सोसतं, पण धारदार पत्र्यावर घासलं तर लगेच कापलं जातं. तिथे रबरी बुश हवाच.

उभा, सरकवता येणारा कुकर असेल तर साफसफाईसाठी पुढे ओढता येईल एवढी ढील ठेवा आणि ती केबल जमिनीलगत राहील अशी सोडा, ओव्हनच्या गरम हवेच्या तोंडासमोर नको. एकसंध जाड तारेची केबल या तुकड्यासाठी टाळा. ती चार वेळा वाकवली की टर्मिनलपाशी तुटते, आणि तुटताना आधी अर्धवट तुटते. ते जास्त वाईट.

आता टर्मिनल. कुकर जळाला म्हणून बोलावतात तेव्हा मधली केबल जळालेली क्वचितच असते, शेंडा जळालेला असतो. ढिल्या स्क्रूखाली ०.०५ ओहमचा जादा रोध आला, तर ३२ अँपिअरला ३२ गुणिले ३२ गुणिले ०.०५, म्हणजे ५१ वॅट उष्णता तयार होते. एका सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता प्लॅस्टिकच्या छोट्या ठोकळ्यात कोंडली की काय होईल ते सांगायला नको. त्यामुळे: बारीक तारांच्या टोकाला योग्य मापाचा फेरूल (धातूची छोटी नळी) दाबून बसवा. फेरूल नसेल तर तारा पीळ देऊन सगळ्या आत घाला, एकही बाहेर सुटू देऊ नका, आणि जागा करण्यासाठी तारा कापून बारीक तर मुळीच करू नका. टोकाला सोल्डर लावून स्क्रूखाली दाबणं चूक आहे, कारण सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरतं आणि स्क्रू आपोआप ढिला होतो. इन्सुलेशन स्क्रूखाली येऊ देऊ नका. स्क्रू आवळल्यावर वायर ओढून पाहा. टर्मिनलजवळचा केबल क्लॅम्प बाहेरच्या आवरणावर बसला पाहिजे, आतल्या कोरवर नाही, नाहीतर कुकर ओढला की सगळा ताण स्क्रूवर येतो.

टर्मिनलच्या ठोकळ्यावर पितळी पट्ट्या असतात, त्यांच्याकडे नीट पाहा. बहुतेक कुकर आणि हॉब सिंगल फेज, दोन फेज किंवा तीन फेज असे जोडता येतात. सिंगल फेजला एल१, एल२, एल३ या तिन्ही टर्मिनलना पट्टीने एकत्र करायचं. पट्टी राहिली तर अर्धा हॉब चालतो आणि अर्धा मेलेला राहतो, हे निदान सोपं. तीन फेजला पट्ट्या काढायच्या असतात. तिथे पट्टी राहिली तर फेज-फेज शॉर्ट होतो. आणि फेजची वायर न्यूट्रलच्या टर्मिनलवर गेली तर २३० च्या जागी ४०० व्होल्ट बसून कंट्रोल बोर्ड क्षणात जातो. झाकणाच्या आतल्या चित्राप्रमाणेच जोडा. तीन फेज उपलब्ध असेल तर हाच १०.६ किलोवॅटचा कुकर फेजमागे साधारण १५ अँपिअरवर येतो आणि पाच कोरची २.५ चौरस मिमी केबल पुरते. पण न्यूट्रल कुठेही ढिला नको. तो सुटला की फेजमधला समतोल जातो आणि कमी लोड असलेल्या भागावर जास्त व्होल्टेज चढतं.

जुनी २.५ ची वायरिंग तयार आहे, तिच्यावर चालेल का, हा पुढचा ठरलेला प्रश्न. नुसता एकटा ओव्हन, तीन किलोवॅटच्या आत, म्हणजे १३ अँपिअर: हो, १६ च्या एमसीबीवर, स्वतंत्र सर्किटवर. चार शेगड्यांचा कुकर: नाही. वेगळा हॉब आणि वेगळा ओव्हन असेल आणि ओव्हनच्या माहितीपत्रात १६ चं संरक्षण सांगितलं असेल, तर दोघांना एकाच ३२ वर लटकवू नका. ओव्हनसोबत आलेली बारीक केबल ३२ च्या मागे बसवायची नसते.

केबल विकत घेताना छापील मापावर डोळे झाकून विश्वास नको. ६ चौरस मिमीच्या १०० मीटर तांब्याचा रोध २० अंशाला ०.३१ ते ०.३३ ओहम असावा आणि त्यात सुमारे ५ किलो तांबं असतं. गुंडाळी संशयास्पद हलकी लागली तर टोक खरवडून पाहा. आत पांढरट धातू दिसला तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. शुद्ध ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या ६१ टक्के असते, पातळ मुलाम्याने ती फारशी सुधारत नाही, आणि स्क्रूखाली ते ढिलं पडत जातं. वरचे सगळे आकडे मग निरर्थक.

जोडणीचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. बऱ्याच ठिकाणी ती कायद्याचीही अट असते. वीज सुरू करण्यापूर्वी त्याच्याकडून एवढं करून घ्या: अर्थची सलगता, फेज-न्यूट्रल उलटे नाहीत ना ते, आणि कुकर वेगळा काढून केबलचं इन्सुलेशन ५०० व्होल्ट डीसी मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने). किमान १ मेगाओहम हवा, नव्या केबलला तो त्याहून कितीतरी जास्त येतो.

नवा किंवा बरेच महिने बंद असलेला कुकर लावताच आरसीसीबी पडली तर लगेच केबलवर संशय घेऊ नका. एलिमेंटच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड असते. ती हवेतली ओल शोषते आणि गार असताना अर्थकडे थोडी गळती होते. एकेक एलिमेंट वेगळा लावून कोणत्या एलिमेंटला आरसीसीबी पडते ते शोधा. बाकीचे चालत असतील तर ओव्हन मंद आचेवर अर्धा तास तापवला की ओल बहुधा निघून जाते. तरीही तोच एलिमेंट पाडत राहिला तर तो बदला. आरसीसीबी काढून टाकणं किंवा कुकर तिच्या मागून हलवणं हा पर्याय नाही. आणि पहिल्या महिन्याच्या वापरानंतर मेन बंद करून स्विचचे व कुकरचे स्क्रू एकदा पुन्हा तपासून घ्या. बारीक तारांचा पीळ दबून बसल्यावर ते पाव-अर्धा फेरा फिरतातच.